घरमालकिणीचं विशेषण

टोरोंटोच्या स्कारबरोला आलो तेव्हा पहिली काही वर्षं आम्ही जमिनीखाली काढली. म्हणजे बेसमेंटमध्ये. वर घरमालकीण, खाली मी, माझा नवरा आणि आमची लेक. मधल्या लाकडी छतातून तिच्या चपलांची टकटक खाली यायची आणि आमच्या सुक्या बोंबलांचा वास वर जायचा. या व्यवहारात कोण जास्त नाडलं जात होतं, ते शेवटपर्यंत ठरलं नाही.

घरमालकीण लात्व्हियाची. महायुद्धानंतर लहानपणी आईचं बोट धरून बोटीनं कॅनडात आलेली. आम्ही राहायला गेलो तेव्हा ती ऐंशीच्या उंबरठ्यावर होती, पण तिथे उभं राहून आत कोण येतंय यावर नजर ठेवणाऱ्यांपैकी. उंच, ताठ, पांढऱ्या केसांची घट्ट वेणी डोक्याभोवती गुंडाळलेली. लात्व्हिया कुठे आहे हे आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं. नवऱ्यानं फोनवर नकाशा काढला आणि तिच्यासमोरच म्हणाला, "छोटासाच आहे की. आमच्या वसईएवढा."

"तुमच्या वसईत लांडगे किती?" तिनं विचारलं.

त्यानंतर आमच्यात भूगोलाचा विषय निघाला नाही.

तिचं आडनाव आमच्या जिभेला पेलणारं नव्हतं, म्हणून मी आपल्या पद्धतीनं 'आंटी' म्हणून पाहिलं. "मी तुमची आंटी नाही. मी तुमची लँडलेडी आहे," ती म्हणाली. नवरा म्हणाला, "येस आंटी," आणि शेवटपर्यंत आंटीच म्हणत राहिला. ती आम्हाला 'बेसमेंट' म्हणायची. "बेसमेंट, नळ गळतोय." "बेसमेंट, आज गार्बेज डे आहे." मराठीत भेटली असती तर मी तिला अहो-जाहो केलं असतं. पण सगळी भांडणं इंग्रजीत झाल्यामुळे ती माझ्या मनात एकेरीच राहिली.

तिचं पहिलं वेड कळलं ते बर्फ पडल्यावर. घर भाड्यानं घेताना बर्फ शोव्हल करायचं काम नवऱ्याच्या गळ्यात पडलं होतं. वॉनच्या वेअरहाउसमध्ये त्याची सकाळची शिफ्ट असायची. निघण्याआधी तो दारापासून रस्त्यापर्यंतची वाट साफ करून जायचा. त्याची गाडी वळली की ही झाडू घेऊन बाहेर. फावड्याखाली राहिलेल्या पातळ बर्फावर ती झाडूनं एकसारख्या रेघा ओढायची, तेही रस्त्याकडून दाराकडे, उलट्या पावलांनी मागे मागे येत, म्हणजे तिच्या स्वतःच्या पायाचा ठसासुद्धा उरायचा नाही. बेसमेंटची खिडकी जमिनीलगत असते, त्यामुळे मला हे सगळं अगदी नाकासमोर दिसायचं. माझी आय वसईला अंगण सारवायची ती अशीच, मागे सरकत सरकत.

"अरे, ही बया बर्फ सारवते," मी नवऱ्याला सांगितलं.

मग दिवसभर ती ते अंगण वाचायची. पोस्टमननं नवे बूट घेतले. शेजारची मांजर येऊन गेली, तिचा पुढचा पाय दुखतोय. "बेसमेंट, काल तुमच्याकडे पाहुणे होते. एकीच्या टाचा उंच. बर्फात कुणी असल्या टाचा घालतं?" ती माझी मिसिसॉगाची नणंद होती, आणि हा प्रश्न माझ्याही मनात होता, पण मी घरच्या माणसाची बाजू घेतली. नवऱ्याला मात्र या बाईचं कौतुक. "लोक कॅमेरे बसवतात," तो म्हणायचा, "आपल्याला भाड्यात मिळालाय."

तिचं दुसरं वेड म्हणजे एक शब्द. कार्तीग्स. 'का' लांब, 'ती' लांब आणि शेवटचा 'ग्स' कात्रीनं कापल्यासारखा. तिचं इंग्रजी मोजकं आणि ठणठणीत होतं, त्यात हा एकच लात्व्हियन शब्द ती राखून होती. हे काम इंग्रजीला जमत नाही असं तिचं मत. मी तो पहिल्यांदा ऐकला हिमवादळानंतर. बर्फ इतकं साचलं होतं की आमचं दार उघडेना. ती वरच्या खिडकीत उभी राहून, लग्नातली पंगत पाहावी तसं ते बघत म्हणाली, "कार्तीग्स." मला वाटलं त्यांच्याकडे बर्फाला म्हणत असतील. पुढच्या आठवड्यात मला जिन्यात थांबवून म्हणाली, "तुझा नवरा घोरतो. कार्तीग्स." मग एकदा टीव्हीवर हॉकीची मॅच चालली होती, एका खेळाडूनं दुसऱ्याच्या जबड्यावर ठोसा ठेवून दिला, तेव्हाही तेच.

मी फोनवर शब्दकोश उघडला. नीटनेटका, टापटिपीचा, सभ्य. माझं डोकं फिरलं. घोरणं टापटिपीचं कसं असेल? आणि असलंच, तर माझ्या नवऱ्याचं? ज्या माणसाचे मोजे सोफ्याखाली हिवाळा काढतात, त्याचं?

दोन दिवस डोक्यात तेच घोळत होतं. मग भांडी घासताना आपलाच शब्द आठवला. व्यवस्थित. कपाट व्यवस्थित असतं, हिशोब व्यवस्थित असतो, माणूस व्यवस्थित असतो. आणि 'मास्तरांनी त्याला व्यवस्थित धुतला' असंही आपण म्हणतोच. लग्नात व्यवस्थित जेवलेला माणूस ताटाभोवती काय काय सांडून उठतो, ते सगळ्यांनी पाहिलेलं आहे. मी हात पुसून वर गेले आणि तिला हे सांगितलं. तिनं शब्द दोन-तीनदा तोंडात घोळवला. "व्यवस्तित. लांब आहे," ती म्हणाली. "पण चालेल." कॅनडात आल्यापासून माझ्या भाषेला मिळालेलं ते पहिलं सर्टिफिकेट.

माणसांच्या बाबतीत मात्र ती या शब्दाला फार जपायची. बर्फ, सूप, ठोसा, घोरणं, यांना सढळ हातानं. माणसाला जवळजवळ नाहीच. माणसांसाठी तिच्याकडे 'नाईस' होता. डॉक्टर नाईस, शेजारी नाईस, पंतप्रधानसुद्धा नाईस, आणि ते म्हणताना तिचा चेहरा दूध नासल्यासारखा व्हायचा.

आता माझं सांगते. मी मुळातच टापटिपीची बाई. ओव्हन घासून ठेवायचे, ड्रायरची जाळी दर वेळी साफ करायचे, रिसायकलिंगचा निळा डबा आतून धुऊन बाहेर ठेवायचे. म्हातारी आली की बघायची आणि म्हणायची, "नाईस." वसईहून आलेली सुकेळी, म्हणजे वाळवलेली केळी, मी तिला चांगल्या डब्यात घालून दिली. नाईस. ख्रिसमसला आमच्याकडच्या तिखट बाटली मसाल्यातलं चिकन पाठवलं. डोळ्यांतून पाणी गळत होतं तरी नाईस. हसू येईल, पण मला तो शब्द हवा होता. माणूस परक्या देशात पडला की कुठे कुठे जीव अडकवून बसतो. आय वसईला, सासू वसईला, आणि ऑफिसातला सुपरवायझर 'गुड जॉब' सगळ्यांनाच म्हणायचा, कॉफी सांडणाऱ्यालासुद्धा. चांगली म्हणणारं कुणीतरी असावं, आणि त्यानं ते फुकट वाटू नये, एवढंच माझं म्हणणं होतं.

शब्दाचं मूळ तिनं आम्हाला काचेच्या भांड्यात दाखवलं. तिच्या गावाकडचं एक गोड असतं. राय नावाच्या धान्याचा काळा पाव कुस्करून, साखर घालून परततात. त्याचा एक थर, त्यावर क्रॅनबेरीचा जॅम, त्यावर फेटलेली क्रीम, पुन्हा पाव. एका दुपारी तिनं माझ्या लेकीला ओट्याजवळ स्टुलावर उभं केलं आणि भांड्याच्या काचेवर बोट ठेवत म्हणाली, "कार्ता. कार्ता. कार्ता." म्हणजे थर. मग चमचा तिच्या हातात देऊन म्हणाली, "आता तुझी कार्ता." म्हणजे पाळी.

"थराला आणि पाळीला एकच शब्द?" मी विचारलं.

"एकावर एक येतात ते थर. एकामागून एक येतात त्या पाळ्या. फरक काय? आणि त्या कार्तावरून कार्तीग्स."

"सो इट मीन्स लेअरी?" लेकीनं विचारलं. इथे वाढलेली मुलं मराठी समजतात, लात्व्हियन समजतात, उत्तर इंग्रजीत देतात.

"नो," म्हातारी म्हणाली.

लेकीनं क्रीमचा थर एका बाजूला डोंगर आणि एका बाजूला दरी असा घातला. माझा हात चमच्याकडे गेला. म्हातारीनं माझ्याकडे असं पाहिलं की मी तो मागे घेतला. तिरका थर तिनं तसाच राहू दिला, पुढचा त्यावर घातला, आणि आम्ही तो डोंगर खाल्ला. त्या दिवशी मी नीट लक्ष दिलं असतं तर पुढचा त्रास वाचला असता.

तिला एकच मुलगा, कोक्विटलामला. म्हणजे देश तोच, पण विमानानं अख्खी सकाळ जाते. मुलाविषयी तिनं आम्हाला कधी काही सांगितलं नाही, तरी आम्हाला सगळं माहीत होतं, कारण तिच्या स्वयंपाकघरातली हीटची जाळी आणि आमच्या स्वयंपाकघरातली जाळी एकाच पत्र्याच्या नळीवर होत्या. तिला ऐकायला कमी यायचं, त्यामुळे फोन नेहमी स्पीकरवर. ती लात्व्हियनमध्ये बोलायची, तो इंग्रजीत उत्तर द्यायचा. अगदी आमच्या घरासारखं. कामासाठी तो वर्षातून दोन-तीनदा टोरोंटोला यायचा, डाउनटाउनला हॉटेलात उतरायचा आणि परत जायचा. घरी यायला वेळ नसायचा. पण दर वेळी फोनवर सांगायचा, "आय वेंट टू सी डॅड, मॉम." डॅड म्हणजे तिचा नवरा, कबरस्तानात. ती म्हणायची, "लाबी, लाबी." ठीक, ठीक.

तोवर तिचं गाडी चालवायचं लायसन्स गेलं होतं. रविवारी चर्चमधली मिसा झाली की आम्ही तिला घेऊन कबरस्तानात जायचो. तिथेच तिसरं वेड पाहिलं, आणि पहिल्याचं मूळही.

कॅनडातली कबरस्तानं म्हणजे कापलेलं गवत. दुसरं काही चालत नाही. पण तिच्या नवऱ्याच्या कबरीभोवती जुनी दगडी चौकट होती. मधे कबर, फुलं लावलेली, आणि भोवतीनं पाऊलभर रुंद पट्टा. त्या पट्ट्यात तिनं हार्डवेअरच्या दुकानातून मुलांच्या खेळायच्या वाळूच्या पिशव्या आणून ओतल्या होत्या. राखणदार कुरकुरला की ती त्याला शहाजिरं घातलेलं घरचं चीज द्यायची, आणि चीज पुरेपर्यंत तो गप्प राहायचा.

गाडी थांबायच्या आत ती दार उघडायची. फुलांकडे बघायची नाही, दगडाकडे बघायची नाही. आधी वाळू. कंबरेत वाकून चारही बाजूंनी बघायची. मग मेणबत्ती, मग प्रार्थना, आणि शेवटी छोट्या दाताळ्यानं वाळूवर रेघा ओढत, उलट्या पावलांनी मागे येत चौकटीबाहेर.

"आमच्याकडे सगळे करतात," तिनं सांगितलं. "वाळू साफ ठेवून निघायचं. म्हणजे पुढच्या वेळी कळतं, कोण येऊन गेलं."

आणि मग तो रविवार आला. आदल्या बुधवारी आम्ही जाळीतून ऐकलं होतं, "आय वेंट टू सी डॅड, मॉम." त्या रविवारी ती गाडीतून जवळजवळ उडीच मारून उतरली. मी मागोमाग. वाळूवर आमच्याच गेल्या खेपेच्या रेघा होत्या, सरळ, जशाच्या तशा. फक्त एका कोपऱ्यात बारीक नखांच्या चार खुणा.

"खार," ती म्हणाली. थोडा वेळ त्या खुणांकडे बघत राहिली. "कार्तीग्स."

म्हणजे माझ्याआधी खारीचा नंबर लागला. पण त्या दिवशी मला राग आला नाही. बर्फावरच्या रेघा, झाडू, वाचन, सगळं मला एकदम समजलं. ही बाई स्वच्छता करत नव्हती, वाट बघत होती. मुलानं बापाच्या कबरीवर एकदा यावं, एवढंच तिला हवं होतं, आणि तो येत नव्हता हे वाळू तिला दर वेळी सांगत होती. बापलेकाचं पटलं नव्हतं. का, ते तिनं सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. बापाशी न पटणारा मुलगा पाहायला काही लात्व्हियाला जावं लागत नाही.

"त्याला विचारत का नाहीस?" परतीच्या वाटेवर मी न राहवून म्हटलं.

"विचारलं तर तो आणखी एक खोटं बोलेल," ती म्हणाली. "माझ्यामुळे. कशाला?"

नवरा गाडी चालवत होता. एक अक्षर बोलला नाही. मला तेव्हाच संशय यायला हवा होता, कारण हा माणूस गप्प बसला की काहीतरी करून ठेवतो.

त्या वर्षी ऑक्टोबर संपता संपता मुलगा पुन्हा टोरोंटोला आला, पुन्हा हॉटेलात राहिला, पुन्हा म्हणाला, "आय वेंट टू सी डॅड." रविवारी आम्ही गेलो. थंडी अशी की कान गळून पडतील. म्हातारी उतरली, चौकटीपाशी गेली आणि जागच्या जागी थांबली.

वाळूवर पावलं होती. माणसाची. दगडापर्यंत गेलेली, तिथे थोडी घोटाळलेली, परत आलेली. दगडाशी एक विझलेली मेणबत्ती. मी छातीवर क्रूस केला. मला खरंच वाटलं, आला एकदाचा. मग मी नीट पाहिलं. पावलांना बोटं होती. पाचच्या पाच, एकेक मोजून घ्या अशी. स्कारबरोच्या कडाक्याच्या थंडीत कुणीतरी अनवाणी येऊन गेलं होतं.

मी नवऱ्याकडे पाहिलं. नवरा आभाळाकडे पाहत होता.

म्हातारी खूप वेळ वाकून होती. दाताळ्याचा दांडा एका ठशाशेजारी धरून लांबी बघितली. मेणबत्ती लावली, प्रार्थना केली, वाळू साफ केली, गाडीत बसली.

संध्याकाळी ती जिना उतरून खाली आली. दार न वाजवता, आयुष्यात पहिल्यांदा. आम्ही जेवायला बसलो होतो. नवऱ्यासमोर उभी राहून म्हणाली, "मोजे काढ."

"आंटी, जेवतोय."

"मोजे."

त्यानं मोजे काढले. तिनं चष्मा सारखा केला आणि वाकून पाहिलं. माझ्या नवऱ्याच्या पायाचं दुसरं बोट अंगठ्यापेक्षा लांब आहे. आमच्याकडे अशा बाईचं घरात राज्य चालतं म्हणतात. पुरुषाचं काय होतं ते कुणी सांगितलेलं नाही. म्हातारीनं ते बोट पाहिलं, मान हलवली आणि अगदी हळू म्हणाली, "कार्तीग्स."

आणि वर निघून गेली.

मी ताटावरून उठले. "शूज का काढलेस?" मी विचारलं. एवढं एकच विचारायचं सुचलं.

"मग काय पायताण घालून कबरीजवळ उभा राहू?" तो म्हणाला. "आय मारेल मला."

त्याच्या आयनं लहानपणी शिकवलं होतं, मेलेल्या माणसासमोर पायताण घालून जायचं नाही. हा माणूस शिफ्ट संपवून वॉनहून गाडी मारत गेला, परक्या मुलाच्या नावानं खोटी पावलं उमटवायला गेला, लबाडी करायला गेला, आणि लबाडी करतानाही त्याला शूज घालून जाववलं नाही. असला लबाड मी दुसरा पाहिलेला नाही. मला हसू आवरेना, आणि हसता हसता डोळे भरून आले. मग, खरं सांगायचं तर, रागही आला. इतकी वर्षं निळा डबा मी धुतला, आणि शब्द मिळाला सोफ्याखाली मोजे टाकणाऱ्याला.

दुसऱ्या दिवशी मी वर जाऊन तिला सरळ विचारलं. "मी घर इतकं स्वच्छ ठेवते. मला नाईस, आणि त्याला कार्तीग्स?"

"तू तीरीगा आहेस," ती म्हणाली. "स्वच्छ. ते वेगळं. स्वच्छ बोकाही असतो." मग कॉफी ओतता ओतता तिनं समजावलं. कार्ता म्हणजे पाळी. आपली पाळी आली की जो मागे सरत नाही, तो कार्तीग्स. बर्फाची पाळी आली की बर्फानं पडावं, झोपेची पाळी आली की माणसानं घोरावं. "तुझ्या नवऱ्याची तर पाळीही नव्हती," ती म्हणाली. "दुसऱ्याची पाळी त्यानं घेतली. आणि बोटं सगळी दाखवून आला, गाढव."

त्या रात्री जाळीतून फोन ऐकू आला. या वेळी ती मुलाशी इंग्रजीत बोलत होती. आयुष्यभर त्याच्याशी लात्व्हियन सोडून बोलली नव्हती. मला वाटतं, खाली आम्हालाही समजावं म्हणून.

"मी पाहिलं, तू आला होतास," ती म्हणाली. "वाळूवर पावलं होती. अनवाणी आलास. डॅडी हसला असता. पण थंडी आहे रे, पायांना जप."

पलीकडे इतका वेळ शांतता होती की आम्हाला वाटलं फोन कट झाला. नवऱ्यानं घास हातातच धरला होता. हो म्हणावं तर खोटं, नाही म्हणावं तर आजवरचं सगळंच खोटं. त्या बिचाऱ्याला कुठे पळायला जागाच ठेवली नव्हती तिनं.

"ओके, मॉम," तो शेवटी म्हणाला.

त्या ख्रिसमसला तो आला. हॉटेलात नाही, घरी राहिला. उंच, ताठ, अगदी तिच्यासारखा. शब्द मात्र मोजून काढणारा. जिन्यात नवरा भेटला तेव्हा त्यानं आधी त्याच्या पायांकडे पाहिलं. कबरस्तानावर तेव्हा गुडघाभर बर्फ होतं, वाळू त्याखाली कुठेतरी. तो गेला की नाही, ते कळायला मार्ग नव्हता. म्हातारीनंही विचारलं नाही. तिनं तेच काचेच्या भांड्यातलं गोड केलं आणि चमचा त्याच्या हातात दिला.

पुढे आम्ही एजॅक्सला स्वतःचं छोटं टाउनहाउस घेतलं. पहिल्या दिवशी ती बघायला आली, सगळ्या खोल्या फिरली, कपाटं उघडली. "नाईस," ती म्हणाली. माझा आता राग गेला होता. त्यानंतर दोन हिवाळे ती होती. गेली ती वसंतात, बर्फ वितळल्यावर. शेवटचं वादळ मात्र व्यवस्थित पाहून गेली. तिच्या दफनानंतरच्या जेवणात एका लात्व्हियन आजोबांना मी कौतुकानं कार्तीग्सचा अर्थ सांगायला गेले. पाळी, थर, सगळं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "कार्तीग्स म्हणजे नीटनेटका, बस. बाकीचं तिनं स्वतःच्या मनानं जोडलंय." असेल. शब्द तिचा होता, तिला अधिकार होता.

वसईला नोव्हेंबरच्या दोन तारखेला, मृतांच्या दिवशी, सगळं गाव कबरींवर जातं. गवत काढतात, फुलं घालतात, संध्याकाळी मेणबत्त्यांनी सगळं उजळून निघतं. इथे आमचं पुरलेलं कुणी नाही. म्हणून आम्ही तिच्याकडे जातो. आता दगडावर दोन नावं आहेत. चौकटीतल्या वाळूचं आम्ही बघतो. चीज बनवता येत नाही, म्हणून राखणदाराला सुकेळी देतो.

ती गेल्यानंतरच्या पहिल्या नोव्हेंबरला आम्ही गेलो तेव्हा गवतावर दहिवर कडक झालं होतं. लेक आता माझ्याएवढी झाली आहे. ती फुलं घेऊन पुढे चालत होती. चौकटीपाशी ती थांबली.

"डॅडी, डिड यू कम ऑलरेडी?"

वाळूवर पावलं होती. दगडापर्यंत गेलेली, तिथे बराच वेळ उभी राहिलेली, परत आलेली. अनवाणी. पाचही बोटं.

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो आभाळाकडे बघत नव्हता. "मी नाही गं," तो म्हणाला. माझा विश्वास बसेना तेव्हा त्यानं तिथेच शूज काढला, मोजा काढला आणि पाय ठशावर अधांतरी धरला. ठसा अंगठाभर मोठा होता, आणि त्यात दुसरं बोट आखूड होतं.

"ऑल द वे फ्रॉम कोक्विटलाम?" लेक म्हणाली. "बेअरफूट?"

मेणबत्त्या चौकटीबाहेरून हात लांब करून लावल्या. प्रार्थना म्हटली. मग नेहमीप्रमाणे नवऱ्यानं गाडीतून दाताळं आणलं. रीत तीच आहे, आलेल्यानं वाचायचं आणि साफ करून निघायचं. एक पाय अजून अनवाणी, तो चौकटीपाशी दाताळं घेऊन उभा राहिला आणि माझ्याकडे बघत म्हणाला, "करू?"

"राहू दे," मी म्हटलं. "व्यवस्थित आहे."